कौलाचे घराणे

कौल हा मूळचा दफ्तरखान्यातला गृहस्थ. अरबीत ज्याचा अर्थ केवळ ‘बोल’ किंवा ‘वचन’ एवढाच आहे असा हा शब्द मुसलमानी अमदानीत फारसी कारकुनांच्या लेखणीतून दक्षिणेत उतरला आणि मराठी मुलखात मुलकी कारभाराच्या अशा एका नाजूक जागी येऊन बसला की, जेथे सरकारास नुसता हुकूम सोडून भागत नसे, रयतेची खातरजमा करावी लागे. अवर्षणाने किंवा फौजांच्या येण्याजाण्याने गाव परागंदा झाला, विहिरी बुजल्या, पिकाऊ जमिनीत तरवड आणि बाभळी माजल्या, म्हणजे देशोधडीला लागलेल्या कुणब्यांना माघारी आणण्यासाठी अंमलदाराने जो कागद धाडावयाचा तो कौलनामा. त्यात अभय असे. मागील बाकीचा तगादा लागणार नाही, वेठबिगारीचा उपसर्ग पोहोचणार नाही, पडीत जमीन लागवडीस आणल्यास पहिल्या साली सारा नाममात्र, पुढील साली थोडा अधिक आणि मुदत भरली की गावच्या दस्तुराप्रमाणे पुरा, असा त्याचा मजकूर असावयाचा; या वर्षागणिक चढत जाणाऱ्या साऱ्याच्या ठरावाला इस्तावा म्हणत. सरकारने कौल द्यावा आणि त्याच्या उलट रयतेने कतबा लिहून द्यावा, अशी ही जोडी होती. आणि जुन्या कागदपत्रांत कौल व कतबा हे शब्द हातात हात घालून येतात याचे कारण हेच की, एकट्या कौलाला व्यवहारात फारसे मोल नव्हते. देणाऱ्याने वचन द्यावयाचे आणि घेणाऱ्याने त्या वचनाच्या अटी पत्करावयाच्या, तेव्हा कोठे नांगर जमिनीला लागे.

हा शब्द देवळात शिरला तेव्हा आपला हा सारा सरंजाम बरोबर घेऊन शिरला, असे माझे मत आहे. १८५७ सालच्या मोल्सवर्थच्या कोशात सरकारी अभयपत्र आणि मूर्तीला सुपारी, फूल वा धान्याचा दाणा चिकटवून घेतलेले उत्तर हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीखाली सुखाने नांदताना दिसतात. देवळातला विधी अर्थातच या शब्दाहून पुराणा आहे. गोमंतकात त्याच विधीला अद्यापि ‘प्रसाद लावणे’ असे निखळ संस्कृत वळणाचे नाव आहे आणि तेथे पाकळ्या लावण्याची व त्यांचा अर्थ सांगण्याची परंपरा मोठ्या देवस्थानांतून नीट जोपासलेली आहे. कोकणात गावऱ्हाटीचा अर्धा कारभार कौलावर चालतो. पेरणी, जत्रा, मानापानाचा तंटा, कुणाच्या घरातले दुखणे, सगळ्याला देवाची संमती लागते. घाटावर, म्हणजे कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठी, या विधीचा इतका बडेजाव नाही. परंतु गावदेवाच्या गाभाऱ्यात गुरवाने ओल्या बोटांनी दोन कळ्या मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला लावून ‘उजवी दे’ म्हणून विनवावे आणि भोवतालच्या मंडळींनी श्वास आवरून बघत राहावे, हे दृश्य या बाजूलाही काही अपूर्वाईचे नाही. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्ही चिकटून राहिल्या तर देव बोलत नाही, म्हणजे प्रश्न चुकला किंवा वेळ चुकली.

दैवाला असे कोंडीत पकडून बोलावयास लावण्याची हौस आपल्याकडे केवळ ग्रामीण नाही. तिला चांगले ग्रंथप्रामाण्य आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत दिव्यांचे प्रकरण आहे आणि मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यांत, कागद व साक्षीदार दोन्ही थकले म्हणजे, गोतसभा वादीला तापल्या तेलातून धातूचा रवा काढावयास किंवा नदीच्या पात्रात उभे राहून शपथक्रिया करावयास सांगे आणि निकालाचा महजर करून देई. पण दिव्यात झाल्या गोष्टीचा निवाडा असतो. पुढे काय करावे हे विचारावयाचे तर शास्त्र वेगळे, आणि त्याचे नाव पाशककेवली. गर्गाच्या नावावर चालणाऱ्या या छोट्या प्रबंधात फासे टाकून पडलेल्या अंकांवरून फल वाचण्याची रीत सांगितलेली आहे. १८९० साली हॅमिल्टन बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियातील कूचा येथे भूर्जपत्रांवर लिहिलेली जी प्रसिद्ध पोथी मिळाली, तिच्यात लसणाच्या औषधी गुणांपासून सर्पविषावरील मंत्रांपर्यंत नाना विषय असून दोन प्रकरणे याच फाशांच्या प्रश्नविद्येची आहेत. पोथी इसवी सनाच्या सहाव्या शतकातली. सारीपाटाचे असतात तसे लांबट, चार बाजूंचे फासे, तीनदा टाकावयाचे, चार गुणिले चार गुणिले चार अशा ६४ शक्यता, आणि प्रत्येकीपुढे विचारणाऱ्याला उद्देशून दोनचार ओळी, की तुझे चिंतिलेले कार्य होईल, अमुक विघ्न आहे, धन मिळेल, मित्र भेटेल. याचा अर्थ असा की, ज्या व्यापारी वाटेने रेशीम पश्चिमेला जात होते आणि बौद्ध भिक्षू पूर्वेला जात होते, त्याच वाटेवर भारतीय प्रश्नफासेही एखाद्या प्रवाशाच्या पडशीत खुळखुळत होते.

चीनच्या देवळांत वेळूच्या कामट्या हलवून भविष्य पाहण्याचा जो विधी आज सर्वत्र प्रसिद्ध आहे त्याच्या वंशावळीत भारताचे नाव अगदी वरच्या फांदीवर लिहिलेले सापडते, आणि ते चिनी लोकांनी आपल्या हाताने लिहिलेले आहे. इ. स. ४५७ च्या सुमारास हुइ-जिएन नावाच्या भिक्षूने बारा भागांचे एक अभिषेकसूत्र सिद्ध केले. त्याचा दहावा भाग म्हणजे ब्रह्मदेवाच्या दैवी शलाकांचे सूत्र. त्यात साक्षात ब्रह्मदेव बुद्धापुढे येऊन लोकांच्या संशयनिवृत्तीसाठी आपल्या शंभर गाथा प्रकट करण्याची अनुज्ञा मागतो. मग त्या गाथा वेळूवर किंवा रेशमी पट्ट्यांवर लिहून पंचरंगी रेशमाच्या पिशवीत ठेवाव्यात आणि संकट पडेल तेव्हा एकेक बाहेर काढावी, असे विधान आहे. हे सूत्र संस्कृतातून भाषांतरित झालेले नसून चीनमध्येच रचले गेले, याविषयी पंडितांचे बहुधा एकमत आहे. परंतु रचणाऱ्याला आपल्या शलाकांसाठी थोर कुळाची गरज भासली तेव्हा त्याने ते ब्रह्मदेवाच्या दारात जाऊन मागितले, ही गोष्ट मला अस्सल उगमापेक्षाही बोलकी वाटते. पुढे तेराव्या शतकात हांगचौ नगरीच्या परिसरातील एका मठाच्या शंभर शलाका चित्रांसह लाकडी ठशांनी छापल्या गेल्या. त्यांना म्हणतात तिआनझूच्या शलाका, आणि तिआनझू हे चिनी भाषेत भारतवर्षाचेच जुने नाव. याच शंभर गाथा समुद्र ओलांडून जपानात गेल्या व तेथे दहाव्या शतकातील र्योगेन या आचार्याच्या नावावर रुजल्या. जपानी देवळांत आज चिठ्ठी ओढून ती झाडाला किंवा दोरीला बांधून ठेवणारी मुले-मुली दिसतात ती या शाखेची.

विधी असा. वेळूच्या पेराचा उंच नळा, त्यात अंक घातलेल्या चपट्या कामट्या, बहुधा शंभर. भक्ताने देवापुढे गुडघे टेकून आपले नाव, गाव आणि प्रश्न मनात सांगावयाचा व नळा पुढच्या अंगाला किंचित कलवून हलवीत राहावयाचे, की कामट्या खळखळत हळूहळू वर सरकतात आणि शेवटी एकच कामटी इतरांतून निसटून जमिनीवर पडते. दोन पडल्या तर रद्द. एक पडली तरी लगेच खरी मानावयाची नाही. अर्धचंद्राच्या आकाराचे, एका अंगाने सपाट व दुसऱ्या अंगाने फुगीर असे लाकडाचे दोन ठोकळे जमिनीवर टाकून देवाला पुन्हा विचारावयाचे, की हीच का तुझी कामटी? एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होय. दोन्ही सपाट पडले तर देव हसतो आहे असे समजून प्रश्न नीट करून यावे. आपल्या उजव्या-डाव्या कळीचा हा सख्खा भाऊ. फरक इतकाच की, आपल्याकडे ज्या ठिकाणी विधी संपतो त्या ठिकाणी चिनी विधी केवळ कामटीची शहानिशा करून पुढे चालू लागतो. मग कामटीच्या अंकाचा छापील कागद घ्यावयाचा. त्यावर उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी प्रत, चार ओळींचे पद्य, इतिहासातल्या एखाद्या पुरुषाचा प्रसंग आणि खाली खटला, आजार, विवाह, प्रवास, हरवलेली वस्तू, धन आणि मानमरातब अशी खाती.

मानमरातबाचे हे खाते चिनी समाजात फार मोठे होते, कारण तेथे हजार-बाराशे वर्षे सरकारी नोकरीची वाट परीक्षांतून जात होती आणि त्या परीक्षांना बसणारे बहुसंख्य लोक आयुष्यभर नापास होत. हाँगकाँगच्या काउलून भागात वांग ताई सिनचे देऊळ आहे. १९२१ साली ते सध्याच्या जागी आले. तेथल्या शंभर कामट्यांतील पहिली जिआंग झियाची. वय होईपर्यंत नदीकाठी मासे धरीत बसलेला हा विद्वान, चौ घराण्याचा राजा शिकारीच्या निमित्ताने त्या वाटेने आला आणि त्याची योग्यता ओळखून त्याला आपल्या रथातून घेऊन गेला, म्हणून म्हातारपणी प्रधान झाला. ज्या तरुणाला ही कामटी निघते त्याला मोठा आनंद होतो, कारण ती अत्युत्तम प्रतीची मानलेली आहे. परंतु कथा नीट ऐकली तर तिच्यात नोकरी उद्या लागेल असे कोठेच म्हटलेले नाही. देवळाबाहेर गाळ्यांत बसलेले अर्थ सांगणारे लोक मग त्याला विचारतात, की बाबा रे, तुझे वय काय, घरी मिळवते कोण, गळ टाकून बसावयाची तुझी ऐपत किती? पद्याचा अर्थ या चौकशीनंतर ठरतो.

आणि येथे मला माझ्या कौलाची आठवण होते. कारण चिनी कामटीही मूळची निम्मीशिम्मी दफ्तरातलीच. चिनी न्यायाधिकाऱ्याच्या मेजावर अशाच कामट्यांचे नळे असत. अटक करावयाची, फटके मारावयाचे, की त्याने एक कामटी उचलून शिपायांपुढे फेकावी, तोच हुकूम. त्याहून मौजेची गोष्ट १५९४ सालची. मिंग घराण्याच्या वान-ली बादशहाच्या अमदानीत सुन पीयांग नावाचा नेमणूक खात्याचा प्रधान दरबारातल्या खोजांच्या शिफारसींना इतका विटला की, कोणता उमेदवार कोणत्या परगण्यावर जावा हे त्याने सरळ कामट्या ओढून ठरवावयास आरंभ केला. विद्वानांनी नाके मुरडली. गुणावगुण पारखण्याऐवजी बांबूच्या तुकड्यावर राज्यकारभार सोपविला म्हणून टीका झाली. पण वशिल्याने हैराण झालेल्या खात्याला ही युक्ती इतकी मानवली की पुढे मांचू राजवटीतही ती चालू राहिली. १७९३ साली त्याच राजवटीने तिबेटातील दलाई लामाचा नवा अवतार ठरविण्यासाठी सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढावी असा नियम केला, त्याचेही तर्कशास्त्र हेच. आपल्या ग्रामपंचायतींत आरक्षणाची सोडत निघते तेव्हा तहसीलदारसाहेब भर सभेत एखाद्या लहान मुलाला पुढे बोलावून बरणीतली चिठ्ठी काढावयास लावतात, तेव्हा कोणी त्याला अंधश्रद्धा म्हणत नाही. ज्याच्या हाताला कोणाचा वशिला लागू शकत नाही असा हात हवा असतो.

पेकिंग शहराच्या दक्षिण वेशीपाशी गुआन दी या देवाचे एक छोटेसे देऊळ होते आणि परीक्षेसाठी राजधानीत आलेले उमेदवार तेथल्या कामट्या हलविल्यावाचून परीक्षेच्या मंडपात पाऊल टाकीत नसत. हा गुआन दी मुळात गुआन यू नावाचा योद्धा, इ. स. २२० च्या सुमारास शत्रूच्या हाती पडून मारला गेला. दिलेल्या शब्दासाठी प्राण वेचणारा म्हणून त्याला लोकांनी देवत्वाला चढविले आणि करारमदार सांभाळणारा म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला आपला मानला. लालबुंद चेहरा, छातीवर रुळणारी दाढी, हातात लांब दांड्याची तलवार. तोच देव मुंबईत माझगावला येऊन राहिला आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनापासून जवळच नवाब टँक रस्त्यावर ‘सी यूप कून’ नावाचे एक जुने घर आहे. क्वांगतुंग प्रांतातील चार परगण्यांतून गलबतांवर आणि गोदीत कामाला आलेल्या लोकांनी १९१९ साली ते देऊळ म्हणून व आपल्या लोकांच्या आसऱ्याची जागा म्हणून बांधले. तांबड्या रंगाने रंगविलेला गाभारा, उदबत्त्यांची राख साठलेले पात्र, गुआन दीची तसबीर, बाजूला कामट्यांचा नळा आणि भिंतीवर क्रमांकवार लावलेले कागद. १९६२ च्या युद्धानंतर देशातल्या चिनी कुटुंबांमागे चौकशांचा ससेमिरा लागला, अनेकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले गेले, कित्येक देश सोडून गेले, आणि माझगावची चिनी वस्ती विरळ होत होत हे घर तेवढे मागे राहिले. चिनी नववर्षाला तेथे अजून लोक जमतात व वर्षाची कामटी काढतात.

त्याच गोदीत, त्याच काळात, सातारा जिल्ह्यातून गेलेले हमाल आणि माथाडी कामगार पाठीवर गोण्या वाहत होते. पलूस, भिलवडी ही गावे तेव्हा सातारा जिल्ह्याच्या नकाशात होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. घाटावरून गेलेला माणूस आपला गावदेव बरोबर नेत नाही. कौल लावावयाचा तर जत्रेला गावी यावे लागते. चिनी खलाश्याने मात्र देव, नळा आणि छापील कागद पेटीत घालून बरोबर नेले, आणि कागद छापील असल्यामुळे सिंगापूर असो की माझगाव, देवाला तोच मजकूर बोलावा लागला. आपला कौल गुरवाच्या बोटांत आणि गावच्या आठवणीत राहिला, म्हणून तो गाव सोडून कधी फिरला नाही. उत्तरेकडे तुलसीदासांच्या रामायणाच्या पोथ्यांत २२५ घरांची रामशलाका छापलेली असते. घरावर बोट किंवा काडी ठेवावी, नववे नववे अक्षर टिपत जावे, की नऊ चौपायांपैकी एक जुळून येते. तिला गुरव लागत नाही, गाव लागत नाही. तिच्या प्रसाराचे रहस्य तेच, आणि तिच्या कोरडेपणाचेही.

पलूसच्या परिसरात उपजीविकेचा आणि विद्येचा प्रश्न देवापुढे नेण्याची प्रथा काही आजची नाही. गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायातली कथा येथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. करवीरच्या एका विद्वान ब्राह्मणाचा मुलगा आईबापावेगळा झाला, मतिमंद निघाला, लोकांनी ‘बापाचे नाव बुडविलेस’ म्हणून इतका धिक्कार केला की तो घर सोडून भिलवडीच्या भुवनेश्वरीच्या देवळात येऊन पडला. तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य करून देवी बोलेना तेव्हा त्याने आपली जीभ कापून तिच्या पायावर वाहिली आणि उद्या शिरही वाहतो म्हणाला. तेव्हा देवीने स्वप्नात येऊन त्याला विद्या दिली नाही. कृष्णेच्या पैलतीरी औदुंबराखाली एक यती बसले आहेत त्यांच्याकडे जा, एवढेच सांगितले. मुलगा नदी पोहून गेला आणि श्रीनृसिंहसरस्वतींच्या हस्तस्पर्शाने त्याला जीभही परत मिळाली व विद्याही. शेकडो वर्षे लोक ही कथा गुरूच्या सामर्थ्यासाठी वाचत आले आहेत, ते योग्यच आहे. पण देवीची भूमिकाही नजरेआड करण्यासारखी नाही. आपल्या अखत्यारीतले काय आणि दुसऱ्याच्या अखत्यारीतले काय, हे तिला पक्के ठाऊक होते.

याच्या अगदी शेजारी एक निराळा संप्रदाय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले आणि आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत असे लक्षात आल्यावर तो मार्ग सोडून यंत्रांच्या रेखांकनाकडे वळले; बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळ दिलेल्या बत्तीस एकर खडकाळ माळावर १९१० साली कारखाना. या माळावरूनच पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके निघाली आणि शंकरराव किर्लोस्करांनी त्यांतून नवस, कौल, अंगात येणे या साऱ्याची अशी काही झाडाझडती घेतली की त्या लेखांनी महाराष्ट्राच्या सुशिक्षित घरांत दोन पिढ्यांची मने घडविली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे घणाघाती निबंधही तेथेच प्रसिद्ध झाले. मी स्वतः त्या पंथाचा वाचक आहे आणि ओली कळी कोणत्या बाजूला पडेल हे तिच्या देठाच्या वजनावर व गाभाऱ्याच्या दमटपणावर अवलंबून असते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु नोकरीधंद्याच्या बाबतीत बुद्धिवाद्यांनी पुढे केलेले उपायही मला कळीइतकेच अबोल वाटले. २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलामुलींची कलचाचणी सुरू केली. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी तुझा कल अमुकाकडे आहे असे सांगणारा अहवाल घरोघर पोहोचला. कल कोठे आहे हे कळले. त्या कलासाठी बाप किती साल खर्च सोसेल, हे त्यात नव्हते.

ते कोठे ठरते हे मी अलीकडे कृष्णाकाठच्या एका गावी पाहिले. उसाची तोड संपलेली, दुपारची वेळ. देवळात गुरव, एक शेतकरी आणि त्याचा पदवीधर मुलगा. मुलाला पुण्याला जाऊन राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करावयाची होती आणि बापाच्या मनात त्याने जवळच्या औद्योगिक वसाहतीत लागावे असे होते. घरात चार महिने याच गोष्टीवरून धुसफूस चाललेली; शेवटी देवाला विचारू, यावर दोघे आले होते. गुरव म्हातारा, अंगात बंडी, हाताची बोटे लांबसडक. त्याने कण्हेरीच्या दोन कळ्या निवडून घेतल्या, तांब्यातल्या पाण्यात बुडविल्या आणि तशाच हातात धरून विचारले, ‘‘काय इचारायचं?’’

‘‘पुण्याला जाऊ का कंपनीत लागू,’’ मुलगा म्हणाला.

‘‘दोन डगरीवर हात नगं. देवाला एकच इचारायचं. हां किंवा न्हाई.’’

मुलगा गप्प. बाप म्हणाला, ‘‘आबा, जाऊ दे की त्याला पुण्याला, माझी ना न्हाई. पर किती वरसं? शेजारचं पोरगं सहा वरसं झाली तिकडंच हाय.’’

‘‘तूच सांग किती.’’

‘‘दोन.’’

‘‘तीन तरी,’’ मुलगा पुटपुटला.

‘‘दोन,’’ गुरव म्हणाला. ‘‘आन् खर्च कोण करणार?’’ ‘‘मीच करणार की.’’ ‘‘आन् दोन वरसांत जमलं न्हाई तर?’’ मुलाने बापाकडे पाहिले, बापाने देवाकडे. ‘‘तर येतो माघारी,’’ मुलगा म्हणाला, ‘‘मिळंल ते काम करतो.’’ गुरवाने हे वाक्य त्याच्याकडून पुन्हा एकदा, मोठ्याने, वदवून घेतले.

मग त्याने कळ्या मूर्तीला लावल्या. प्रथम डावी, नंतर उजवी, प्रत्येक कळी अंगठ्याने दाबून क्षणभर धरलेली. आणि गाऱ्हाणे घातले ते असे: बा देवा, हे लेकरू दोन वरसं पुण्याला शिकाया जातंय, त्याचा बाप त्याचा खर्च भागवणार हाय, त्यात कुरकुर करणार न्हाई, दोन वरसांत जमलं न्हाई तर लेकरू गुमान माघारी येऊन मिळंल ते काम करणार हाय, बापाला बोल लावणार न्हाई, हे तुला मंजूर असंल तर उजवी दे.

‘मंजूर’ हा त्याचा शब्द. मुदत, खर्चाची जबाबदारी, मुदतीनंतरची अट, दोन्ही पक्षांनी न करावयाच्या गोष्टी. कौलनाम्यात आणि कतब्यात जे जे असावे लागते ते सारे त्या गाऱ्हाण्यात आले होते, आणि कळी अजून पडलेली नव्हती. चार महिने घरात जे बोलणे एकमेकांच्या तोंडावर करता आले नव्हते ते दोघांनी त्रयस्थापुढे पाच मिनिटांत केले. माझगावच्या भिंतीवरचा कागद किंवा काउलूनच्या गाळ्यातला पंडित त्या मुलाला कदाचित जिआंग झियाची कथा सांगता आणि तो समाधानाने गळ टाकून बसता. गुरवाकडे कथा नव्हती, म्हणून त्याने मुदत विचारली. मला विचाराल तर ही आपली रीत अधिक रोकडी आहे.

बराच वेळ काही झाले नाही. बाप टोपी काढून खांबाला टेकला. मग उजवी कळी निसटून खालच्या ताटलीत पडली, गुरवाने ती उचलून मुलाच्या हातावर ठेवली आणि डावी काढून टाकली. बापाने हात जोडले, टोपी घातली आणि उंबऱ्याबाहेर पडण्याआधीच मुलाला विचारले, ‘‘खोलीचं भाडं किती म्हणालास? आन् खानावळीचं?’’ मुलगा आकडे सांगू लागला. गुरवाने मागून हाक मारून बजावले, की दोन वर्षांनी नारळ घेऊन या, परीक्षा झाली तरी आणि न्हाई झाली तरी.